घराची खरेदी-विक्री आणि वकिलाची निवड

पांढरपेशा कुटुंबाच्या आयुष्यात घर विकत घेण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येतो. फार झाले तर दोनदा. जो गृहस्थ साधे गोडेतेल घेताना चार दुकानांचे भाव विचारतो, मुलाला शाळेत घालण्यापूर्वी दहा ठिकाणी चौकशी करतो, तोच गृहस्थ आयुष्यभराची शिल्लक ज्या कागदांच्या भरवशावर दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची, ते कागद तपासण्याचे काम दलालाने सुचविलेल्या पहिल्याच वकिलावर सोपवून मोकळा होतो. पुष्कळदा तर वकिलाची आठवण इसार देऊन झाल्यावर होते. घराचा वारा, उजेड, नळाचे पाणी, स्टेशनचे अंतर या गोष्टी घरातील लहानथोर माणसे बारकाईने पाहून घेतात. ज्याच्याकडून घर घ्यावयाचे त्यास ते विकण्याचा अधिकार आहे किंवा नाही, ही गोष्ट मात्र डोळ्यांनी दिसत नाही. आणि ती पाहण्यासाठीच वकील लागतो.

या बाबतीत सुशिक्षित माणसांच्याही मनात एक समजूत घट्ट बसलेली असते. सरकारी कचेरीत दस्त नोंदला गेला, अंगठे व छायाचित्रे घेतली गेली, शिक्के उठले, म्हणजे मालकी पक्की झाली, अशी ती समजूत होय. वस्तुतः १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली नोंदला जातो तो दस्त. अमुक इसमाने अमुक कागद लिहून दिला, तो त्याने कबूल केला आणि त्यावर मुद्रांक शुल्क भरले आहे, इतके दुय्यम निबंधक पाहतो. लिहून देणारा खरोखर मालक होता काय, याचा निवाडा तो करीत नाही. तामिळनाडूत असा एक नियम होता की, विकणाऱ्याने आपला हक्क दाखविणारा पूर्वीचा दस्त हजर केला नाही तर नोंदणी अधिकाऱ्याने नोंदणी नाकारावी. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला आणि हक्काची शहानिशा करणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे कामच नव्हे, असे सांगितले. सातबाऱ्याची गोष्टही याहून फार निराळी नाही. तो महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते हे खरे. परंतु नुसत्या नोंदीने कोणी मालक होत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणे नोंदवहीतील मालकीची हमी स्वतः सरकार घेते. आपल्याकडे अशी हमी घेणारा कोणी नाही. विकणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच घेणाऱ्यास मिळावयाचा. आणि तो किती आहे हे शोधण्याचा भार घेणाऱ्यावर. तो भार त्याच्या वतीने उचलणारा मनुष्य एकच, त्याचा वकील. यास्तव वकिलाची निवड ही घराच्या निवडीइतकीच, किंबहुना तिच्याही आधी करावयाची गोष्ट ठरते.

हा शोध म्हणजे प्रत्यक्षात काय असतो, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. साताऱ्यासारख्या गावी एक टुमदार बंगली विकावयाची आहे. मालमत्ता पत्रकावर दोघा भावांची नावे आहेत, दोघेही सही देण्यास तयार आहेत, घरपट्टी भरलेली आहे, कर्ज नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने सारे काही आरशासारखे स्वच्छ. घेणाऱ्याने नेमलेला गावातलाच वकील कागद चाळता चाळता विकणाऱ्या थोरल्या भावास सहज विचारतो, "काका, ही जागा मूळची तुमच्या आजोबांची. आजोबा वारले १९७४ साली, आणि मृत्युपत्र काही केलेले दिसत नाही. त्यांना मुली किती?"

"दोन. आमच्या दोघी आत्या. पण वकीलसाहेब, त्यांची लग्ने होऊन त्या केव्हाच आपापल्या घरी गेल्या. एक इंदूरला असे, ती गेली बिचारी. धाकटी बेळगावास आहे."

"लग्ने झाली ते समजले. हक्कसोडपत्र झाले आहे काय?"

काका गप्प बसतात. कारण तसे काही झालेले नसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वारसाहक्क पोहोचतो. तलाठ्याच्या वा नगर भूमापनाच्या कागदावर आत्यांची नावे चढली नाहीत, एवढ्याने तो हक्क जात नाही. वारलेल्या आत्याचा हिस्सा तिच्या मुलाबाळांकडे गेला. म्हणजे हा व्यवहार पुरा करावयाचा तर बेळगावच्या आत्याबाईंची आणि इंदूरच्या आतेभावंडांची सही खरेदीखतावर तरी हवी, नाही तर त्यांचे नोंदलेले हक्कसोडपत्र तरी हवे. वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुली जन्मतः सहदायाद झाल्या, आणि वडील त्या वेळी हयात असले पाहिजेत अशी अट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टमध्ये दिला. त्यामुळे "मुली किती?" हा प्रश्न महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या व्यवहारात सर्वांत मोलाचा प्रश्न होऊन बसला आहे. जो वकील तो विचारीत नाही, त्याच्यापुढे सर्व कागद नीटनेटके असले तरी उपयोग नाही.

आता वकील स्थानिकच का असावा, याकडे वळू. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांतील वकिलांना सनद देणारी वकील परिषद एकच आहे. तेव्हा नांदेडच्या वकिलाने पणजीतील घराचे कागद पाहिले तर त्यात बेकायदा असे काही नाही. परंतु जमिनीचा कायदा पुस्तकात जेवढा एकसारखा दिसतो तेवढा तो जमिनीवर एकसारखा नसतो. जिल्हा ओलांडला की कागदांची नावे बदलतात, जुन्या राजवटी बदलतात, अडचणींची जातकुळी बदलते.

मुंबई शहराचेच पाहावे. दादर, गिरगाव, परळ या भागांतील पुष्कळ जुन्या जागा पागडीच्या असतात. तेथे "घर विकणे आहे" असे म्हणणारा मनुष्य घराचा मालक नसून भाडेकरू असतो, आणि जे हस्तांतरित होते ते भाडेकरूपण होय. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने अशा व्यवहारात पागडी घेणे कायदेशीर ठरविले आहे. तथापि घरमालकाची संमती, त्याचा वाटा, नव्या नावाची भाडेपावती, इमारत उपकरप्राप्त असल्यास तिच्या पुनर्विकासाचे भवितव्य, हे सर्व पाहावे लागते. त्याच शहरात वांद्रे-चेंबूरकडे काही सोसायट्या सरकारने दिलेल्या जमिनींवर उभ्या आहेत. तेथे हस्तांतरास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. म्हाडाची आणि झोपडपट्टी पुनर्वसनातील घरे ठरावीक मुदतीपर्यंत विकताच येत नाहीत. खाडी ओलांडून नवी मुंबईत गेले की जमीन बहुतांशी सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, आणि सिडकोचे हस्तांतरण शुल्क व परवानगी हा पहिला विषय.

पुण्याच्या आसपास वतनाच्या व इनामाच्या जमिनी, कुळकायद्याने मिळालेल्या जमिनी आणि गुंठेवारीचे तुकडे यांची गुंतागुंत आहे. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" अशी अक्षरे दिसली की जाणता वकील लेखणी खाली ठेवतो. कारण अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, आणि परवानगी नसताना तीवर उभारलेल्या इमारतीतील सदनिकाधारकांनाही त्याचे चटके बसतात. कोकणात एकेका सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावे आढळतात. त्यांपैकी निम्मे मुंबईत आणि काही परदेशात. नागपूरकडे नझूलच्या जमिनी आणि नागपूर सुधार प्रन्यासाचे भाडेपट्टे. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. जुने कागद उर्दूत, खासरा पाहणी पत्रक हा तेथील महत्त्वाचा दस्तऐवज, आणि देवस्थानांच्या वा दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी परस्पर विकल्या गेल्याची प्रकरणे पुष्कळ. पश्चिम महाराष्ट्रात जुना दस्त मोडीत निघतो. मोडी वाचणारा मनुष्य गावात कोण आहे, हे स्थानिक वकिलास ठाऊक असते. परगावच्या वकिलास तो शोधण्यातच महिना जावयाचा.

गोव्याची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. तेथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा चालत आली आहे. विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक मानली जाते, आणि स्थावर विकताना दोघांचीही सही लागते. सासष्टी किंवा बार्देशमधील एखादे जुने कौलारू घर चार भावंडांच्या नावे असेल, तर सह्या चार नव्हे, जोडीदारांसह आठ लागण्याचा संभव असतो. मुंबई-पुण्याची पुष्कळ मराठी कुटुंबे अलीकडे गोव्यात घरे घेतात आणि आपला नेहमीचा वकील बरोबर नेतात. त्या वकिलास ही गोष्ट ऐकून ठाऊक असते, पण जुन्या पोर्तुगीज नोंदवहीत कोणते पान उघडावे हे ठाऊक नसते. परदेशी असलेल्या मालकांच्या जागा खोट्या जुन्या दस्तांच्या आधारे बळकावल्याच्या इतक्या तक्रारी तेथे आल्या की, २०२२ साली गोवा सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. असे बनावट कागद एरवी अगदी खऱ्यासारखे दिसतात. त्यातील लिपिक, शिक्का, गावाच्या जुन्या नावाचे लेखन यांतील विसंगती ओळखणारा डोळा तेथेच तयार होतो.

मुंबईत "सॉलिसिटर" या शब्दाचा दबदबा अद्याप आहे. १८९४ साली स्थापन झालेली सॉलिसिटरांची संस्था त्या नावाची परीक्षा आजही घेते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटराने कागद तयार करावे आणि अ‍ॅडव्होकेटाने उभे राहून बोलावे, अशी विभागणी १९७६ पर्यंत होती. पुढे कायद्याने ती राहिली नाही. आज सॉलिसिटर हाही सनदी वकीलच. मोठ्या पेढीत दस्तलेखनाचा अनुभव साठलेला असतो, हा तिचा गुण; परंतु दोन खोल्यांची जागा घेणाऱ्या कुटुंबाचे काम तेथे सर्वांत धाकट्या मदतनिसाच्या टेबलावर जाते, हेही खोटे नाही. तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे निव्वळ जमिनीची कामे केलेला, इंग्रजी बेताचे असलेला वकील अशा वेळी अधिक उपयोगी पडतो.

स्थानिकत्वाइतकीच, किंवा त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो वकील कोणाचा आहे. दलाल म्हणतो, "आमचे वकील आहेत, दोन्ही बाजूंचे काम तेच करतात, फी अर्धी-अर्धी." हे ऐकून पुष्कळांना बरे वाटते. परंतु विकणाऱ्याचे हित व्यवहार लवकर उरकण्यात, आणि घेणाऱ्याचे हित शंका असल्यास व्यवहार थांबविण्यात असते. एकाच मनुष्याने या दोन्ही हितांची राखण करावी ही अपेक्षाच अवास्तव होय. त्यातून जो वकील दर महिन्याला दलालाकडून चार कामे मिळवितो, त्याने पाचव्या कामात "हे घर घेऊ नका" असे सांगावे, हे मनुष्यस्वभावास धरून नाही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेताना विकासकाच्या वकिलाचा हक्कविषयक अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. तो अवश्य वाचावा. पण तो विकासकाच्या सांगण्यावरून लिहिलेला आहे, हे विसरू नये. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने घेणाऱ्यास एक मोठे संरक्षण दिले आहे. विकासकाचा जमिनीवरील हक्क सदोष निघाल्यामुळे नुकसान झाले तर त्याची भरपाई मागता येते, आणि त्या मागणीस मुदतीची आडकाठी येत नाही. तथापि विकासकाचे दिवाळे निघाल्यावर ती भरपाई कोणाकडून वसूल करावयाची, या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही.

दुसरी समजूत बँकेविषयीची. "बँकेच्या वकिलाने कागद पाहिले आहेत, कर्ज मंजूर झाले आहे, मग आणखी वकील कशाला?" असे म्हणणारी कुटुंबे घरोघर आढळतात. बँकेचा वकील अहवाल देतो तो बँकेस. कर्जदाराच्या हाती तो बहुधा पडतही नाही. बँकेची चिंता कर्ज परत मिळण्यापुरती असते, आणि घराचा हक्क बुडाला तरी कर्जदाराच्या पगारावर व इतर मालमत्तेवर तिचा डोळा राहतोच. घर गेले आणि हप्ते राहिले, अशी अवस्था ज्याच्या वाट्यास येते तो घर घेणारा. २०१२ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बँकेस हक्काविषयी दिलेले मत चुकले, एवढ्यावरून वकील फसवणुकीच्या कटात सामील होता असे मानता येत नाही. वकिलांच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. पण घेणाऱ्याने त्यातून आपल्यापुरता बोध घ्यावा.

नात्यातल्या वकिलाविषयी थोडे बोलणे जरूर आहे. प्रत्येक मोठ्या कुटुंबात एक पुतण्या नाही तर भाचा वकील असतोच. तो फौजदारी न्यायालयात नावाजलेला असेल, पण दस्ताचे काम त्याने उमेदवारीच्या काळानंतर केलेले नसते. तो फी घेत नाही, म्हणून त्यास घाई करता येत नाही. काकांवर प्रेम आहे, म्हणून त्याला नाही म्हणवत नाही. अशा पुतण्याचा खरा उपयोग एकच: चांगल्या स्थानिक वकिलाचे नाव त्याच्याकडून मिळवावे.

मग असा वकील शोधावा कोठे? वकिलांना जाहिरात करण्याची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. यामुळे मोठमोठ्या पाट्या व आकर्षक पत्रके यांवरून काही ठरविण्यात अर्थ नाही. मात्र एक जाहिरात अशी आहे की जी वकिलाच्या नावाने रोज छापली जाते. स्थानिक दैनिकांत "जाहीर नोटीस" या मथळ्याखाली घरांच्या व जमिनींच्या व्यवहारांविषयी हरकती मागविल्या जातात, आणि खाली वकिलाचे नाव व पत्ता असतो. ज्या पेठेत वा उपनगरात घर घ्यावयाचे, तेथील मिळकतींच्या नोटिसा तीन-चार आठवडे नुसत्या वाचल्या तरी त्या भागाचे काम नित्य करणारी पाच-सात नावे कळतात. त्या नावांविषयी त्याच गल्लीत दोन-चार वर्षांत घर घेतलेल्या कुटुंबांकडे व सोसायटीच्या चिटणिसाकडे चौकशी करावी. सनद चालू आहे किंवा नाही हे वकील परिषदेकडून समजते. एवढ्याने दोन-तीन नावे उरतील, आणि त्यांना प्रत्यक्ष भेटावे.

पहिल्या भेटीत वकिलाच्या खोलीतील पुस्तके मोजण्यापेक्षा तो काय विचारतो तिकडे लक्ष द्यावे. त्याने कागद पाहण्यापूर्वीच "काही काळजी करू नका, होऊन जाईल" असे म्हटले तर नमस्कार करून उठावे. आपणही त्यास काही गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात, आणि त्यात संकोच मानू नये. या विकणाऱ्याचे, या विकासकाचे किंवा या दलालाचे काम आपण पूर्वी केले आहे काय? शोध किती वर्षांचा घेणार? तीस वर्षांचा शोध घेण्याची वहिवाट आहे. गहाण सोडवून घेण्याची मुदत पूर्वी साठ वर्षे होती, ती १९६३ च्या मुदत अधिनियमाने तीसवर आली. जुन्या वाड्यांच्या वा इनामाच्या जागांच्या बाबतीत तीस वर्षे पुरी पडत नाहीत, आणि हे जो वकील आपण होऊन सांगतो तो कामाचा. नोंदणी कार्यालयात शोध घेण्यास स्वतः जाणार की कारकून पाठविणार? कारकून जाण्यात गैर काही नाही. संगणकावर अलीकडच्या वर्षांची सूची घरबसल्या पाहता येते, पण जुनी बाडे उलटण्याचे काम अनुभवी कारकूनच चांगले करतो. मात्र त्याने आणलेल्या टिपणावर वकिलाने स्वतः विचार केला पाहिजे.

मूळ दस्त पाहणार काय, हा प्रश्न विशेष आग्रहाने विचारावा. घराचे मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढण्याची रीत जुनी आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते. त्यापूर्वीच्या कित्येक गहाणांचा तेथे मागमूस नसतो. झेरॉक्स प्रती दाखविणाऱ्या विकणाऱ्याचे मूळ दस्त कोठे आहेत, याचे उत्तर मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये. तीच गोष्ट मुखत्यारपत्राची. मुखत्यारपत्र आणि साठेखत एवढ्यावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, तरी त्या कागदांवर घरे घेणारी माणसे अजून आहेत.

वकिलाचे मत लेखी घ्यावे, आणि ते एका ओळीचे नसावे. "हक्क निर्वेध व बाजारयोग्य आहे" हे वाक्य छापील नमुन्यातही असते. कोणते कागद पाहिले, मूळ पाहिले की नकला, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत सूची पाहिली, कोणती बाडे फाटलेली वा अनुपलब्ध होती, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र दाखविले गेले की नाही, सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की अद्याप व्हावयाचे आहे, हे सर्व त्यात तारीखवार यावे. जे पाहिले नाही त्याचा उल्लेख करणारा अहवाल वाचताना मनास थोडी चुटपुट लागते. पण तोच प्रामाणिक समजावा. वर्तमानपत्रातील नोटिशीला दिलेली सात, चौदा वा पंधरा दिवसांची मुदत ही वहिवाट आहे. त्या मुदतीत हरकत आली नाही म्हणजे बेळगावच्या आत्याबाईंचा हक्क बुडाला असे होत नाही. कदाचित त्यांच्या घरी ते वर्तमानपत्र येतही नसेल.

फीविषयी फार घासाघीस करू नये, पण अंधारातही राहू नये. शोध, नोटीस, मसुदा, नोंदणीच्या दिवशीची हजेरी यांपैकी कशाकशाचा समावेश आहे, आणि सरकारी शुल्के निराळी किती, हे आरंभीच लिहून घ्यावे. व्यवहार पुरा झाला तरच फी, अशी बोली मात्र करू नये. ज्या वकिलास फी केवळ खरेदीखत झाल्यावरच मिळावयाची, त्याच्या हातून खरेदीखत थांबण्याचा संभव कमी. नकार दिल्याबद्दलही वकिलाला पुरी फी मिळाली पाहिजे, आणि ती देताना घेणाऱ्याचा हात आखडू नये. निवडीत हयगय झाली तर पुढे दाद मागण्याची वाटही अरुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ मधील निर्णयाप्रमाणे वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. दिवाणी दावा किंवा वकील परिषदेकडे गैरवर्तनाची तक्रार, एवढेच मार्ग उरतात.

हे सर्व इसार देण्यापूर्वी व्हावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. नव्या बांधकामात करार नोंदल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकास मनाई आहे. जुन्या घरांच्या खाजगी व्यवहारात तसे बंधन नाही. म्हणून इसारपावतीचा मसुदाही वकिलाकडूनच करवावा, आणि हक्क निर्दोष न आढळल्यास इसार अमुक दिवसांत परत मिळेल, हे वाक्य तीत असावे. विकणारा त्या वाक्यास हरकत घेतो किंवा कसे, यावरूनही बरेच काही समजते.

विकणाऱ्यास वकिलाची गरज नाही असे कोणी समजू नये. आपल्या हक्कातील किंवा घरातील जो दोष त्यास माहीत आहे आणि घेणाऱ्यास सहजासहजी कळण्यासारखा नाही, तो उघड करणे ही कायद्याने विकणाऱ्याची जबाबदारी आहे. शिवाय खरेदीखतात "पुढेमागे कोणतीही हरकत उपस्थित झाल्यास नुकसान भरून देईन" अशा अर्थाचे कलम असते. त्यातील शब्द सैल राहिले तर म्हातारपणी भलताच भार अंगावर पडतो. पन्नास लाख रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घरात घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. विकणारा परदेशस्थ असेल तर कपातीचे नियम निराळे व अधिक कडक आहेत. अमेरिकेतील मुलाच्या नावे असलेले डोंबिवलीचे घर आईवडिलांनी मुखत्यारपत्रावर विकावयाचे, हा प्रसंग आता नित्याचा झाला आहे. त्यात पैसे कोणाच्या खात्यात पडावेत आणि मुखत्यारपत्र कोठे व कसे साक्षांकित व्हावे, या गोष्टी आधीच विचारून ठेवलेल्या बऱ्या.

नोंदणीच्या दिवशी वकिलाने स्वतः हजर राहून छापलेला दस्त मंजूर मसुद्याशी ताडून पाहावा. क्षेत्रफळ, भूमापन क्रमांक व चतुःसीमा यांतील एका आकड्याची चूक पुढे चूकदुरुस्तीचा निराळा दस्त करावयास लावते. दस्त नोंदला गेल्यावर वकिलाचे काम संपले असे मानून पुष्कळ कुटुंबे पेढे वाटतात आणि विसरून जातात. सूची क्रमांक दोनचा उतारा हाती येणे, मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर फेरफार होणे, सोसायटीच्या भागपत्रावर नाव चढणे, घरपट्टीची व विजेची देयके नव्या नावाने येणे, ही कामे त्यानंतरची आहेत. यांपैकी कोणती वकील करणार आणि कोणती आपण, हे फी ठरवितानाच बोलून घ्यावे. आणि तपासणीसाठी दिलेले मूळ कागद परत घेताना त्यांची यादी करून दोघांनीही तीवर सही करावी.